दृष्टांतकथन, कामकाजातील

एखादा निर्णय, बदल किंवा सूचना समोरच्याला पटावी यासाठी तिच्या जोडीला घडलेली अथवा घडण्याजोगी गोष्ट सांगण्याची रीत. बैठक, प्रशिक्षण, विक्री, ग्रामसभा, शेतीविस्तार, आरोग्यसेवा अशा अनेक कामांत ती वापरली जाते. रंगमंचावरच्या कथाकथनात श्रोता हसला-रडला की काम झाले. इथे त्याने उठून काहीतरी करावे, निदान आडमुठेपणा सोडावा, अशी अपेक्षा असते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा विषय ‘स्टोरीटेलिंग’ या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून गाजू लागला. मराठीत मात्र त्याची बांधणी सातशे वर्षांपूर्वीच ठरून गेली होती.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना मराठीतून, रोजच्या जगण्यातली उदाहरणे देत तत्त्वज्ञान सांगितले. त्यांच्या पश्चात केसोबास (केशिराजबास) यांनी त्या निरूपणातले ११४ दृष्टांत निवडून ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. महानुभाव पंथाचे तेव्हाचे मोठे केंद्र म्हणजे गोविंदप्रभूंचे रिद्धपूर (जि. अमरावती, ता. मोर्शी). मोर्शीच्या शेजारचा वरुड तालुका आणि त्याला लागून पांढुर्णा, इतके ते पुढे उदाहरणासाठी घेतलेल्या तिगाव या गावाला जवळ आहे.

‘दृष्टांतपाठा’तले प्रत्येक प्रकरण तीन पायऱ्यांनी चालते. आधी सूत्र, म्हणजे सांगायचे तत्त्व, एका ओळीत. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतल्या कोणत्या भागाने तत्त्वातले काय दाखवले याचा उलगडा. यातले सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, तर दार्ष्टांतिक केसोबासांचे मानले जाते. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात ही गोष्ट त्यात आहे. एकाला सोंड सापडते, दुसऱ्याला पाय, आणि प्रत्येकाला आपलाच हत्ती खरा वाटतो. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ‘दृष्टांतपाठ’ तिथे थांबत नाही. आंधळे कोण आणि हत्ती कोणता, हे तो स्पष्ट सांगतो. आजच्या प्रशिक्षणवर्गांत नेमकी हीच तिसरी पायरी गळते. सांगणारा रंगात येतो, टाळ्या पडतात, आणि ऐकणारा गोष्ट घेऊन घरी जातो; आपल्या खात्यात सोमवारपासून काय बदलायचे ते त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

कीर्तनाने हीच बांधणी गावोगाव नेली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. आधी मुद्दा मांडायचा, नंतर तो कथेत उतरवायचा. वऱ्हाडात या साधनाचा सर्वांत रोखठोक वापर गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) केला. शेंडगावात जन्मलेले महाराज दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, देवापुढे बकरे कापू नका, हे त्यांचे सूत्र. दार्ष्टांतिक वेगळे सांगायची गरजच उरत नसे, कारण ते त्याच दिवशी झाडलेल्या रस्त्यावर पडलेले असे. सांगणाऱ्याची कृती आणि गोष्ट यांत फट नसली तर निम्मे काम होते, हे त्यांच्याइतके कोणी दाखवून दिले नाही. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीभजनातून आणि ‘ग्रामगीते’तून ग्रामसुधारणेचा हाच वसा पुढे चालवला.

आधुनिक कार्यालयातले सर्वांत उद्धृत उदाहरण जागतिक बँकेचे आहे. १९९६ मध्ये स्टीफन डेनिंग हे अधिकारी बँकेने पैशाबरोबर ज्ञानही वाटावे असे वरिष्ठांना पटवत होते. तक्ते दाखवून कोणी हलले नाही. मग त्यांनी एक छोटी घटना सांगितली. जून १९९५ मध्ये झांबियातील कामाना या दूरच्या गावातल्या एका आरोग्यसेवकाने मलेरियाच्या उपचाराविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावर शोधून काढले. पुढची ओळ निर्णायक होती. गरिबीनिवारणाचे ज्ञान ज्या बँकेजवळ आहे, ती या चित्रात कुठेच नाही. ती असती तर काय झाले असते? ही ओळ म्हणजे दार्ष्टांतिकच. डेनिंग यांनी २००० मध्ये यावर ‘द स्प्रिंगबोर्ड’ हे पुस्तक लिहिले.

गोष्ट का पटते, याची काही उत्तरे मानसशास्त्रात मिळतात. मेलनी ग्रीन व टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये दाखवले की कथेत ओढला गेलेला वाचक तिच्यातल्या चुका कमी काढतो आणि तिच्याशी जुळती मते अधिक स्वीकारतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन व पॉल स्लोविक यांच्या २००७ च्या प्रयोगात मालीतील रोकिया या सात वर्षांच्या मुलीची हकीकत वाचून लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. दुष्काळग्रस्तांचे आकडे वाचणाऱ्यांनी १.१४ डॉलर दिले, तर हकीकत आणि आकडे दोन्ही वाचणाऱ्यांनी १.४३. आकडा जोडला की गोष्ट बळावते, हा कार्यालयातला समज इथे खोटा पडतो. मात्र हाच निष्कर्ष भीतीदायकही आहे. ज्या गुणामुळे गोष्ट खरे पटवते, त्याच गुणामुळे ती खोटेही पटवते.

ही रीत प्रत्यक्षात कशी लागते, यासाठी तिगाव पाहू. ते मध्य प्रदेशातील पांढुर्णा तालुक्यातले गाव, नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे स्थानक. पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून २०२३ मध्ये पांढुर्णा हा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत येतो, घरातले आणि बांधावरचे बोलणे मराठीत होते. शिवाय पवारी आणि गोंडीही कानावर पडतात. परिपत्रक वाचून दाखवणारा आणि ते समजावणारा या दोघांतले अंतर अशा ठिकाणी फार वाढते, आणि ते भरून काढायला दृष्टांताइतके हाताशी असलेले साधन दुसरे नाही.

इथल्या संत्राबागांचे उदाहरण घेता येईल. डिंक्या रोगात झाडाच्या बुंध्यातून डिंक गळतो, साल कुजते आणि झाड हळूहळू वाळते. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी खोडाला न लागता मुळांपर्यंत पोहोचते; मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १० लिटर यांचे बोर्डो मलम बुंध्याला लावावे, असा सल्ला दिला जातो. हे पत्रकावर छापलेलेच असते. विस्तार अधिकाऱ्याने मात्र गोष्ट म्हणून शेजारच्या शिवारातल्या दोन ओळी दाखवाव्यात. एकीला एकेरी आळ्यातून पाणी दिले, दुसरीला दुहेरी आळ्यातून, आणि आता दोन्ही ओळींतले बुंधे हाताने चाचपून पाहा. मग दार्ष्टांतिक : तुमच्या बागेत उतार कोणीकडे, पाणी थांबते कुठे, आणि आळे दुहेरी करायला किती माणसे लागतील. ऐकणाऱ्याला शंका आली तर तो स्वतः त्या बागेत जाऊन पाहू शकतो. तपासता येणारी गोष्ट हीच कामकाजातली खरी गोष्ट. दूर देशीच्या अज्ञात शेतकऱ्याची कहाणी कितीही रंगवली तरी तिची बरोबरी करू शकत नाही.

उलट उदाहरणही याच परिसरात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार होते. पळसाच्या झाडावरचा झेंडा पळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडफेक चालते. लोक जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत. तिच्यामागे पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या पळून जाण्याची दंतकथा सांगितली जाते. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक दगडांकडेच वळले. चेंडूंसोबत गोष्टच नव्हती. रुजलेल्या कथेसमोर निव्वळ आदेश ठेवला की आदेश हरतो. तिच्या जागी दुसरी कथा लागते, आणि ती बाहेरून येऊन चालत नाही, तिथल्याच जखमी घरांतून यावी लागते.

मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. औषधाची मात्रा, हिशेब, अपघाताचा अहवाल, कामगाराच्या कपातीची कारणे, यांत गोष्ट सांगू नये. तिथे क्रमवार नोंद हवी. एका यशाची गोष्ट सांगताना अपयशी ठरलेले दहा जण नजरेआड होतात, म्हणून सांगणाऱ्याने त्यांचाही उल्लेख करणे बंधनकारक मानावे. सहकाऱ्याची अडचण त्याच्या परवानगीशिवाय दृष्टांत म्हणून वापरणे हा चहाडीचाच प्रकार होय. कर्मचाऱ्यांना हा विषय शिकवणाऱ्यांनी परदेशी पुस्तक हाती घेण्याआधी ‘दृष्टांतपाठा’तली चार-पाच प्रकरणे मोठ्याने वाचावीत आणि प्रत्येकाचे दार्ष्टांतिक झाकून ते वर्गाकडून काढून घ्यावे.