वंशावळ मोबाईल-कॉम्प्युटरवर भरताय? गावाचं नाव कसं लिहायचं, नकाशावर कसं लावायचं : सविस्तर माहिती

कुणबी नोंदी, जात पडताळणी, वारस नोंद, जमिनीची वाटणी अशा कामांमुळे गावोगावी सध्या वंशावळ काढायचं काम चाललंय. पूर्वी हे काम वहीत व्हायचं. आता तरुण पोरं मोबाईल नाहीतर कॉम्प्युटरवर वंशावळीचं सॉफ्टवेअर टाकून घेतात आणि पणजोबा-खापरपणजोबापर्यंतची नावं भरतात. नावं नीट भरली जातात, पण गावाच्या रकान्यात गोंधळ होतो. कोणी नुसतं 'वडगाव' लिहितं, कोणी जुन्या माणसापुढे आजचा जिल्हा टाकतं, तर कधी सॉफ्टवेअर आपोआप भलतंच गाव निवडतं. त्यातून दुसऱ्याच घराण्याची माणसं आपल्या झाडाला चिकटतात आणि खरा कागद कोणत्या कचेरीत शोधायचा तेच कळत नाही.

गावाचं नाव एवढं महत्त्वाचं का?

जुना कागद माणसाच्या नावावर सापडत नाही, गावाच्या नावावर सापडतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं दप्तर गाववार लावलेलं असतं. गाव नमुना १४, म्हणजे जुनी कोतवाल बुक नक्कल, गावाचीच असते. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराणं शोधायचं तर ते पहिल्यांदा गाव विचारतात. दक्षिण महाराष्ट्रात येणारे हेळवीसुद्धा मूळ गाव आणि भावकी धरूनच पिढ्या सांगतात.

दुसरं कारण जात पडताळणीचं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत. त्या तारखेला कुटुंबाचं कायमचं राहणं कुठं होतं, हे बघितलं जातं. म्हणजे 'आपलं गाव कोणतं' एवढ्यावर भागत नाही, 'त्या साली आपलं घर कुठं होतं आणि ते गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं' हे सांगता आलं पाहिजे.

गाव तेच, जिल्हा वेगळा

गेल्या ८० वर्षांत आपल्याकडे राज्यंही बदलली आणि जिल्हेही. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता, त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. उदगीर तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. तिथल्या माणसाचा जुना कागद शोधताना हे माहीत नसेल तर फुकट हेलपाटे होतात.

नंतर झालेले जिल्हे असे :

- १९८१ : जालना (मुख्यतः औरंगाबादमधून), सिंधुदुर्ग (रत्नागिरीतून). कुलाब्याचं नाव रायगड झालं तेही याच वर्षी.
- १९८२ : लातूर (उस्मानाबादमधून), गडचिरोली (चंद्रपूरमधून)
- १९९८ : वाशिम (अकोल्यातून), नंदुरबार (धुळ्यातून)
- १९९९ : हिंगोली (परभणीतून), गोंदिया (भंडाऱ्यातून)
- २०१४ : पालघर (ठाण्यातून)

नावंही बदलली. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्या आधीच्या शाळेच्या दाखल्यावर जुनंच नाव दिसणार, त्यात चूक काही नाही.

मुख्य नियम : कागदावर आहे तसं लिहा, आजचं नाव जोडून ठेवा

जुनं नाव खोडून त्या जागी नवं टाकू नये. १९७० च्या दाखल्यावर 'जि. उस्मानाबाद' असेल तर त्या नोंदीत तेच राहू द्यावं. गाव मात्र सॉफ्टवेअरमध्ये एकदाच तयार करायचं आणि त्याची जुनी-नवी नावं त्याच गावाखाली सालासकट भरायची. नाहीतर एकाच गावाच्या चार नोंदी होतात आणि चार भाऊ चार गावचे दिसतात.

हे किल्लारीच्या उदाहरणावरून पटकन कळेल. गाव एकच, पण साल बदललं की पुढचा पत्ता असा बदलतो :

- १९५० : किल्लारी, जि. उस्मानाबाद, हैदराबाद राज्य
- १९५८ : किल्लारी, जि. उस्मानाबाद, मुंबई राज्य
- १९६५ : किल्लारी, जि. उस्मानाबाद, महाराष्ट्र
- १९८२ पासून : किल्लारी, ता. औसा, जि. लातूर, महाराष्ट्र

त्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वस्ती नव्या जागी गेली. म्हणजे आजोबांचा जन्म नकाशावर जुन्या गावठाणात लागला पाहिजे आणि नातवाचा नव्या किल्लारीत. दोघांचं गाव 'किल्लारी'च, पण ठिकाणं दोन.

सॉफ्टवेअरमध्ये कसं भरायचं?

'ग्रॅम्प्स' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या कामाला चांगलं आहे. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक कॉम्प्युटरवर चालतं. त्यात ठिकाणांचा वेगळा विभाग असतो. भरायची पद्धत अशी :

१. वरून खाली या. आधी देश, मग राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी वाडी-वस्ती किंवा पाडा.

२. प्रत्येक ठिकाणाला ते कशाच्या आत येतं ते जोडा. 'एन्क्लोज्ड बाय' म्हणून जागा असते, तिथं सालही टाकता येतं. किल्लारी १९८२ पर्यंत उस्मानाबादच्या आत, नंतर लातूरच्या आत, असं दोन्ही भरता येतं.

३. 'अल्टरनेटिव्ह नेम्स' मध्ये दुसरी नावं भरा : बोलीतलं नाव, इंग्रजी कागदावरचं नाव, जुनं नाव. पूना, शोलापूर, ठाणाचं टाना अशी इंग्रजांच्या काळातली स्पेलिंग इथंच ठेवावीत.

४. अक्षांश-रेखांश टाका.

५. टिपेच्या जागी कागदाचा तपशील लिहा : कोणता कागद, कोणतं साल, पान किंवा फेरफार क्रमांक.

मोबाईलवर 'फॅमिलीसर्च'चं फुकट ॲप बरेच जण वापरतात. त्यात गाव टाकताना खाली तयार नावांची यादी येते. घाईत पहिलंच नाव दाबू नये. टाईप केलेलं नाव तसंच ठेवून नकाशासाठी वेगळं प्रमाण ठिकाण निवडता येतं. हे झाड सगळ्यांचं सामाईक असतं. मयत माणसांची माहिती दुसरा कोणीही बदलू शकतो, म्हणून आपली एक प्रत वेगळी ठेवावी.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती न्यायला 'जेडकॉम' नावाची फाईल लागते. त्यात ठिकाण लहानाकडून मोठ्याकडे, स्वल्पविराम देऊन लिहितात : गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. एखादी पायरी माहीत नसेल तर ती जागा कोरी सोडून स्वल्पविराम तसाच ठेवावा, म्हणजे तालुक्याच्या जागी जिल्हा सरकत नाही. फाईल काढताना 'यूटीएफ-८' निवडलं नाही तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. फाईल दुसऱ्याला पाठवायच्या आधी एकदा उघडून बघावी.

नकाशावर गाव लावताना

गुगल मॅपवर गाव उघडून जुन्या गावठाणावर, देवळाजवळ किंवा वेशीजवळ बोट दाबून धरलं की खूण पडते आणि दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्या राज्यात अक्षांश साधारण १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आला तर समजायचं की अदलाबदल झाली. किल्लारीचे आकडे उलटे टाकले तर गाव थेट नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं.

गाव नकाशावर सापडतच नसेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात ओढे, टेकड्या, देवळं आणि लहान वस्त्या असतात. गटाच्या हद्दीसाठी महाभूनकाशा बघता येतो. गटवारी झाली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून शेताची नोंद करताना दोन्ही नंबर लिहावेत.

एकाच नावाची गावं

वडगाव, पिंपळगाव, पिंपरी, नांदगाव ही नावं जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. तालुक्यांचीही तीच गत. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आणि अहिल्यानगरात, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये, आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. 'औरंगाबाद' टाकलं तर बिहारचा जिल्हा पुढे येतो, 'हैदराबाद' टाकलं तर पाकिस्तानातलं सिंधचं हैदराबादही यादीत दिसू शकतं.

म्हणून खुर्द, बुद्रुक, कसबे, मौजे हे शब्द गाळू नयेत. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं, आणि कागदोपत्री ती दोन वेगळी गावं असतात. खात्रीसाठी २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड टिपून ठेवावा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावाचा कोड बघता येतो. नावं सारखी असली तरी कोड सारखा नसतो.

पाण्याखाली गेलेली आणि हललेली गावं

कोयना, जायकवाडी, उजनी, मुळशी या धरणांत कितीतरी गावं गेली. कोयनेची माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत जाऊन बसली. जुन्या पिढीच्या जन्माची खूण पुनर्वसनाच्या गावठाणावर लावू नये. धरणाच्या पाण्यात, जिथं गाव होतं तिथंच ती लागली पाहिजे. नकाशावर घर पाण्यात दिसतंय म्हणून ते चुकीचं ठरत नाही. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तशा खुणांवरून जागा धरता येते.

अशा गावाला 'बुडीत' असं लिहून सालही टाकावं आणि नवं गावठाण वेगळं ठिकाण म्हणून भरावं. जुनं गाव डोळ्यांनी बघितलेली माणसं आता थोडी उरलीत. नकाशा त्यांच्यापुढे धरून वेस कुठं, मळा कुठं, पाणवठा कुठं हे आत्ताच विचारून घेणं बरं. ही माहिती नंतर कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.

जुन्या कागदातले शब्द

मोडी कागदात परगणा, तर्फ, पेटा, महाल असे शब्द येतात. ते आजच्या तालुक्याशी तंतोतंत जुळत नाहीत. परगण्याला तालुका समजून भरू नये, ठिकाणाचा प्रकार 'परगणा' असाच ठेवावा. मराठवाड्यातले जुने कागद उर्दूत असतात. त्या लिपीत एका नुक्त्याच्या फरकाने गावाचं नाव बदलतं, म्हणून वाचणाऱ्याकडून शेजारच्या गावांची नावंही वाचून घ्यावीत. शिवेची गावं जुळली तर गाव बरोबर.

सालाचंही बघावं. शके असेल तर ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. निजामी कागदात फसली साल असतं, त्यात ५९० मिळवावेत. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. साल कळल्याशिवाय ते गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं हे ठरत नाही.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. झाडावर दिसणारं नाव नवंच ठेवावं. जुन्या कागदावरचं नाव शोधायला लागतं, तेवढ्यापुरतं ते टिपेत सालासकट ठेवावं.

हे लक्षात ठेवा

- सॉफ्टवेअरमधलं झाड हा पुरावा नाही. पडताळणीला मूळ कागद, त्याच्या प्रमाणित नकला आणि वंशावळीचं शपथपत्र लागतं. झाडाचा उपयोग कागद कुठं शोधायचा हे कळण्यासाठी.
- गाव नक्की माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका. जिल्हा किंवा तालुका माहीत असेल तर तिथंच थांबा आणि 'खात्री करायची' असं लिहून ठेवा.
- आडनाव आणि गाव जुळलं म्हणून लगेच दुसऱ्याचं झाड जोडू नका. गावात एका आडनावाच्या दोन-तीन भावक्या असतात. कुलदैवत, देवक आणि जमिनीचा नंबर ताडून बघा.
- सासुरवाशिणींचं माहेरचं गावही भरा. बहुतेक झाडांत हा रकाना रिकामाच असतो. आजीच्या माहेरचं नाव आज घरात कोणालातरी माहीत असतं, पुढच्या पिढीला नसेल.
- हयात माणसांची जन्मतारीख, मोबाईल नंबर, आधार क्रमांक उघड्यावर टाकू नका. फाईल पाठवताना हयात माणसं वगळायची सोय असते, ती वापरा.
- महिन्यातून एकदा फाईलची प्रत पेन ड्राईव्हवर किंवा ई-मेलवर ठेवा. मोबाईल हरवला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

कॉम्प्युटर नसेल तरी अडत नाही. वहीत सहा रकाने आखावेत : माणसाचं नाव, घटना आणि साल, कागदावरचं गाव, तेव्हाचा तालुका-जिल्हा, आजचा तालुका-जिल्हा, कागद कुठं मिळाला. एवढं भरलेलं असलं तर पुढे कोणीही ते एका दिवसात सॉफ्टवेअरमध्ये चढवू शकतं.