पिवळ्या पायांचे मूळ

कोंबडीवाल्याच्या जाळीत दाटीवाटीने बसलेल्या कोंबड्यांचे पाय कधी निरखून पाहिले आहेत? पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. ज्याला सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज मानतात, त्या तांबड्या रानकोंबड्याचे पाय मात्र पाटीच्या दगडासारखे करडे. मग हा पिवळा रंग आला कुठून?

आपल्या सह्याद्रीत आढळतो तो राखी रानकोंबडा. सर्वसाधारणपणे तांबडा सालाच्या जंगलाचा आणि राखी सागाच्या, अशी वाटणी अभ्यासक सांगतात. अठराव्या शतकात पिएर सोनेरा हा फ्रेंच निसर्गअभ्यासक हिंदुस्थानात फिरला. हा राखी पक्षीच पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष, असे त्याचे मत पडले. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही सोनेराचे नाव आहे. मत मात्र टिकले नाही.

ते मोडीत काढणाऱ्यांत सर्वांत वजनदार होता चार्ल्‌स डार्विन. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लाइथ त्याला हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची माहिती कळवीत असे. तांबड्याची बांग गावच्या कोंबड्यासारखी, राखीची अगदी निराळी. शिवाय वेगवेगळ्या जातींच्या संकरातून पिल्ले फारशी जगत नाहीत. अशा संकरांची सुमारे ५०० अंडी एकाने तपासली, तेव्हा त्यांतून अवघी १२ पिल्ले वाढली, हे डार्विनने नोंदवले आहे. १८६८च्या ग्रंथात त्याने सगळ्या पाळीव कोंबड्या एकट्या तांबड्याच्या पदरात टाकल्या.

पण १२ म्हणजे शून्य नव्हे.

२००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिवळ्या कातडीचे जनुक शोधून काढले. ते तांबड्याच्या जनुकाशी जुळेना. जवळचे साम्य निघाले राखीशी. डार्विन मुख्य मुद्द्यावर बरोबर होता, पायांपुरता चुकला. सोनेराही अगदीच वेडा ठरला नाही.

या जनुकाची गंमत अशी, की ते रंग तयार करीत नाही. मका, हिरवा पाला यांतून पिवळे रंगद्रव्य पोटात जाते. तांबड्याच्या कातडीतले एक विकर ते मोडून टाकते. पिवळ्या पायांच्या कोंबडीत हे काम जवळपास बंद असते, म्हणून रंग साचतो. अर्थात चाऱ्यातच रंग नसेल तर वारसा असूनही पाय फिके. कोंबडी अंड्यावर आली की रंग बलकाकडे वळतो आणि पाय पांढुरके पडतात. पाय पाहून कोंबडी किती दिवस अंडी देते आहे याचा अंदाज जुने कोंबडीपालक बांधत, तो यामुळेच.

दाण्याचा संबंध त्याहून जुना आहे. सिंधू संस्कृतीत कोंबडी माणसाळली, असे आपण बरीच वर्षे अभिमानाने सांगत आलो. तिथल्या हाडांच्या ओळखीबद्दल आता शंका घेतल्या जातात. २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना झाली, तिचा रोख नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारकडे आहे. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली हाडे पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा मानली जातात. भात आणि भरड धान्याची शेती आली, खळ्यावर दाणे सांडू लागले, आणि रानपाखरू माणसाजवळ आले, असा तर्क आहे.

मला तो पटतो, कारण उकिरड्यावर आजही तेच दिसते. दाणा सापडला की कोंबडा मान खालीवर करीत कुक्‌कुक्‌ करतो, दाणा उचलतो, टाकतो. माद्या धावत येतात. तांबडा रानकोंबडाही हेच करतो. दाणा नसतानाही कोंबडा कधीकधी अशी हाक देतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. लबाडी बहुधा शेतीहून जुनी असावी!

असेच दाणे टिपायला राखी रानकोंबडा रानाकडेच्या शेतात येतो. तिथेच कधीतरी गावच्या कोंबड्यांशी त्याची गाठ पडली असणार. त्याच्या मानेवरच्या मेणचट ठिपक्यांच्या पिसांना परदेशात मासे पकडण्याच्या गळासाठी मोठी मागणी होती. पुढे भारताने निर्यात बंद केली. १९७२च्या कायद्याने शिकारही बंद आहे. आता काळजी उलट्या वाटेची आहे. गावचे रक्त रानात शिरते. विणीनंतर तांबडा रानकोंबडा मानेची झळाळती पिसे उतरवून काही दिवस साधी काळी पिसे धारण करतो. गावचा कोंबडा असे करीत नाही. कित्येक ठिकाणच्या तांबड्यांत हा बदल आता दिसेनासा झाला आहे. सह्याद्रीतला राखी कोंबडा अजून पावसाळ्यात आपली पिसे उतरवतो.