गाडीत मिळालेले पुस्तक

नागपुराहून राजनांदगावास जाणारी आगगाडी गोंदियावरून जाते. १८९३ साली त्या प्रवासात ना. वा. टिळकांस एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला; १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंस हा वज्राघातच वाटला.

ख्रिस्ती भगिनींनी स्फूर्तीसाठी काय वाचावे, असे कोणी पुसले की उपदेशपर ग्रंथ पुढे केले जातात. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांची दुःखे कळवळ्याने सांगते खरे; परंतु लेखणी पुरुषाची! आम्ही लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’च सुचवू. ताटातूट, संताप, सोवळ्याचा हट्ट, बाईंनी काहीएक झाकले नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने केला. मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक तोवर पाच वर्षे वाट पाहत होते.