वेजाची साक्ष

१९०५ साली नाव बदलेपर्यंत आजचा यवतमाळ जिल्हा सरकारी दफ्तरांत वणीच्या नावाने ओळखला जाई, कचेरी मात्र यवतमाळास भरे. नाव एकाचे आणि गाभा दुसऱ्याचा, असा हा प्रकार मोत्यांच्या व्यापारात पुढे मोठ्या प्रमाणावर घडावयाचा होता.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या कापसाच्या पेठेतही नथीला मोती लागेच, आणि तो बसऱ्याचा असला म्हणजे सासर-माहेर दोन्हींचे समाधान होई. बसऱ्याचा म्हणजे वस्तुतः इराणी आखातातला. तो मुंबईस येई, तेथे चाळण्यांतून त्याची प्रतवारी होई, कमानीच्या सामत्याने वेज पाडले जाई, आणि मोल ‘चव’ या मापाने ठरे, ज्याचा पाया वजनाच्या वर्गावर असल्यामुळे वजनाने दुप्पट मोती किमतीने चौपट होत असे.

परीक्षेचे शास्त्र आपल्याकडे जुनेच. वराहमिहिराने बृहत्संहितेत मोत्याची आठ उगमस्थाने सांगताना शिंपल्याच्या पंक्तीस हत्ती, सर्प, मेघ आणि वेळू यांनाही बसविले, ते सोडून देऊ; पण संशयित मोती मीठ घातलेल्या ऊन तेलात रात्रभर ठेवून भातासह कोरड्या वस्त्रात चोळावा, ही गरुडपुराणातील कसोटी एखाद्या मुरलेल्या सराफाने सुचविली असावी अशी आहे. दातावर घासून खरखर पाहणे तिच्याच जातीचे. काचेची नक्कल या कसोट्यांना सापडते.

जपानच्या मिकिमोतोने १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकविला आणि १९२१ च्या सुमारास गोल संवर्धित मोती लंडनच्या बाजारात उतरले, तेव्हा हे सारे ज्ञान लंगडे पडले; कारण आतला मणी गोड्या पाण्यातील शिंपल्याचा असला तरी वरचा थर कालवाने स्वतःच चढविलेला, म्हणून दाताला खरखर तीच. तपास गाभ्याकडे वळला, आणि वाट मिळाली ती वेजातून. फ्रान्समध्ये त्या दशकात निघालेल्या यंत्रात दोन सूक्ष्म आरसे असलेली पोकळ सुई वेजात घालून प्रकाश सोडीत; नैसर्गिक मोत्यात तो एककेंद्री थरांतून वळसा घेऊन दुसऱ्या आरशावर येई, संवर्धिताच्या मण्यातील थर समांतर असल्याने तो बाहेर पडून पृष्ठभागावर उजळ रेघ उमटवी. अनवीध मोत्यांस हा उपाय चालेना. ती अडचण क्ष-किरणांनी दूर केली, आणि आज खातरजमा प्रामुख्याने त्यांवरच होते.

तरी तार बदलण्यासाठी नथीचे मोती सुटे झाले म्हणजे भिंगाने वेजाच्या तोंडाशी पाहावे: थर आणि मणी यांच्या सांध्यावर बहुधा गडद रेघ दिसते. मण्यावाचून पिकविलेल्या गोड्या पाण्यातील मोत्यांपुढे मात्र हे भिंगही हतबल ठरते, आणि मग मोती मुंबईच्या एखाद्या प्रयोगशाळेत धाडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.