पोळीतले विष आणि पाठीवरचे विष

जानेवारी १९३७, जर्मनीतील लेव्हरकुसेन. गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरील किडीसाठी औषध शोधत होता. नव्या द्रव्याचा एक थेंब टेबलावर सांडला आणि काही मिनिटांत त्याच्या व साहाय्यकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, श्वास कोंडला. सावरायला तीन आठवडे लागले. ते द्रव्य म्हणजे टाबून. जर्मन लष्कराने ते युद्धासाठी उचलले. त्याच कुळातले, श्राडरनेच १९४४मध्ये बनवलेले पॅराथिऑन पुढे शेतात आले.

हे कूळ ऑर्गेनोफॉस्फेटचे. मज्जातंतू स्नायूंना ॲसिटिलकोलीनद्वारे संदेश देतात. काम झाले की एक विकर ते मोडून टाकते. विष त्या विकरालाच जखडते. मग संदेश थांबत नाहीत: लाळ, घाम, स्नायूंची थरथर आणि अखेर श्वास बंद. कपाशीवरचा मावा असो वा माणूस, यंत्रणा तीच.

१९५८मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम आले. फवारणाऱ्यासाठी हातमोजे, गमबूट, संरक्षक पोशाख असे सारे त्यात आहे. कागदावर.

मराठवाड्यात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण १९८०च्या दशकात गाजले. संकरित कपाशीबरोबर फवारणी वाढली. लातूरच्या काळ्या रानात सोयाबीन पसरले, त्यालाही ती लागलीच. पंप बहुधा रोजंदारीवरच्या तरुणाच्या पाठीवर. श्रावण-भाद्रपदाच्या दमट उकाड्यात रबरी पोशाख कोण घालणार? तोंडाला रुमाल बांधायचा. भिजलेला सदरा मात्र विष कातडीला धरून ठेवतो. बोलीत त्या विषाचे नाव आजही ‘औषध’च!

२०१७मध्ये नांदेडला लागून, पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेकडो जण रुग्णालयात गेले, वीसहून अधिक मेले. मृत्यू मोजले गेले. वाचलेल्यांच्या नसांचा हिशेब कोण ठेवतो? या कुळातल्या काही विषांमुळे दोन-तीन आठवड्यांनी पायांतली शक्ती जाऊ शकते. श्राडरला तेवढे दिवस विश्रांती मिळाली होती. रोजंदारीच्या पोराला दुसऱ्या सकाळी पुन्हा पंप उचलावा लागतो.

यवतमाळ प्रकरणात ज्या विषांची नावे पुढे आली, त्यांत मोनोक्रोटोफॉसही होते. भाजीपाल्यावर त्याचा वापर केंद्राने २००५मध्येच बंद केला होता, कारण भाजी शहरातही खाल्ली जाते. कपाशीवर ते चालू राहिले.