चढावर दमणारा वायपर

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या वायपरची एक गंमत आहे. गाडी सिग्नलला उभी असली की पठ्ठ्या जोरजोरात हात चालवणार. आणि भर पावसात चढावर ॲक्सिलरेटर दाबला, समोरचं दिसायची खरी गरज पडली, की नेमका तेव्हाच हा आडवा पडणार! बिघाड वाटतो ना? पण नाही, मुळात रचनाच तशी आहे.

जरा मागे जाऊ. १९०३ साली मेरी अँडरसन यांना वायपरचं पेटंट मिळालं, पण तो आतून दांडा ओढून हाताने चालवायचा होता. पुढे क्लीव्हलंडच्या विल्यम फोलबर्थ यांना १९२२ साली आपोआप चालणाऱ्या वायपरचं पेटंट मिळालं. कल्पना झकास होती. इंजिन हवा आत ओढतं, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. तो तसाही फुकटच. मग एक नळी तिथून थेट वायपरपर्यंत आणायची, बस्स!

या 'मोटर'मध्ये ना वायर ना कॉइल. एक बंद डबी आणि आत झुलणारं पातं. एका बाजूची हवा ओढली की पातं तिकडे सरकतं, टोकाला झडप उलटते, की परत फिरतं. ६ व्होल्टच्या बॅटरीच्या जमान्यात हे वरदानच होतं. म्हणून बॉशने १९२६ साली विजेचा वायपर बाजारात आणला, तरी अमेरिकेत बफेलोच्या ट्रायको कंपनीच्या व्हॅक्यूम मोटरी पुढे कित्येक दशकं चालल्या. जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे. त्यातल्या तीस-चाळीसच्या दशकांतल्या शेव्हरोलेंवरही हेच वायपर. आपल्या आषाढात घाट चढताना काय होत असेल, कल्पना करा.

कारण थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रिसोर्स एक, मागणारे दोन, आणि प्रायॉरिटी कायम इंजिनाला. यावर कंपन्यांनी पॅच काढला. पेट्रोल पंपातच दुसरा डायफ्रॅम बसवून त्याच्याकडून वायपरसाठी जादा व्हॅक्यूम घ्यायचा.

दुरुस्तीतली खरी मेख इथेच आहे. नंतर कधीतरी कोणी मेकॅनिकने तो दुहेरी पंप काढून साधा बसवलेला असतो. गाडी छान चालते, वायपर मात्र मलूल होतो, आणि खापर फुटतं मोटरवर! दुसरा प्रकार म्हणजे पंपातला तो डायफ्रॅम फाटतो, इंजिन ऑइल इनटेकमध्ये ओढलं जातं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मालक बिचारा पिस्टन रिंगच्या खर्चाने हबकतो.

तेव्हा मोटरला हात लावण्याआधी क्रमाने जा. नळीला चिरा आहेत का? पंप कोणता आहे? वायपरचे दांडे सुटे करून हाताने हलतात का? चाचणी ओल्या काचेवरच घ्या, कोरड्या काचेवर चांगली मोटरही अडखळते. हे सगळं ठीक असेल तरच डबी उघडा. बरेचदा आत ग्रीस सुकून दगड झालेलं असतं आणि पात्याच्या कडेचं चामडं वाळलेलं असतं. साफ करा, चामड्याला तेल पाजून मऊ करा. म्हातारबाबा पुन्हा उठून बसतात!

आणि गाडी खरोखर पावसात चालवायची असेल तर? मग खुशाल विजेची मोटर बसवा, अस्सलपणापेक्षा समोरचा सायकलवाला महत्त्वाचा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची मोटर आणू नका. आणि पत्र्याला नवी भोकं पाडू नका. जुनी मोटर कापडात गुंडाळून नाव लिहून ठेवा. उद्याच्या मालकाला 'अनडू' करता यायला हवं.