ईस्टरचा केक आणि मराठी चूल

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी बसून ईस्टरच्या केकची गोष्ट काढणे कोणास अप्रस्तुत वाटेल. पण सोलापूरच्या नवी पेठेसारख्या भरबाजारात केक ही आता नवलाची चीज राहिलेली नाही. तो आपल्या घरात शिरला कसा, हे पाहणे मात्र मनोरंजक आहे.

ईस्टरची तारीख आपल्या सणांसारखीच चंद्राच्या तंत्राने चालते. वसंतसंपातानंतर पौर्णिमा यावी आणि तिच्यामागून येणाऱ्या रविवारी सण व्हावा! त्याआधी चाळीस दिवसांचा उपवास. जुन्या युरोपात त्या दिवसांत अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना हा नियम कोण सांगणार? अंडी साठत, आणि उपवास सुटला की ती रंगवली जात, गोड पावांत पडत. कांद्याच्या सालींत उकडलेले लालसर अंडे ही त्यातलीच जुनी युक्ती.

मराठी घरात भट्टी कुठली? पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढे पावाबरोबर त्याचे नावही आपल्याकडे आले. यीस्टच्या जागी तिथे माडीने पीठ फुगू लागले. इकडे अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ साली ठाणे केले आणि नंतर सोलापूरलाही. पण केकला लागणारी भट्टी काही घरोघर पोचली नाही. तेव्हा पातेल्यात वाळू, तीवर डबा आणि झाकणावर निखारे. गोव्याची बेबिंक याच वरच्या आचेवर एकेक थर करून भाजतात.

अडचण भट्टीची नव्हतीच खरे तर; ती होती पंक्तीची. पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घोट घेतला, कोणी पेला तसाच ठेवला. गोपाळराव जोशांनी नावे छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. टिळकांनी आपले प्रायश्चित्त काशीस झाल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली ते घेतले तेव्हा त्यांचेच सुधारक स्नेही नाराज झाले. आज हसू येते, पण बिस्किटाच्या तुकड्यावर सोयरीक आणि श्राद्धाचे ब्राह्मण अवलंबून होते, हे विसरून हसणे बरे नव्हे.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्या घरी आल्या तरी काही काळ सोवळे-ओवळे पाळीत राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना या घालमेलीचा विनोद आणि वेदना दोन्ही ठाऊक आहेत. मराठी ख्रिस्ती घरांतून करंजी आणि शंकरपाळे मात्र गेले नाहीत. नाताळातही ते होतात. केक त्यांच्या शेजारी येऊन बसला, इतकेच.

आणि करायचे म्हटले तर हे घरच्या सगळ्यांचे काम आहे. एकाने लोणी-साखर पांढरी होईतो फेसावी, दुसऱ्याने मैदा चाळावा, मुलांनी रंगांचे बघावे: पिवळ्याला हळदीची चिमूट, गुलाबीला बिटाचा रस. अंडे न खाणारे शेजारी असले तर दही आणि सोडा वापरून एक लहान डबा निराळा भाजावा. आच खाली मंद, वर थोडी अधिक. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली की डबा उतरवावा. मात्र तो गार होईतो कापू नये. मुले थांबत नाहीत, पण त्यांना थांबवावे.